पेट्यांचे पाय

धुळीचे दिवस सुरू झाले की त्या घरात सगळ्यात आधी दिवेवालीच्या डोक्याला ताप व्हायचा. वारा दुपारी सुटायचा तो अंधार पडेपर्यंत हटायचा नाही. गावाबाहेरची धावपट्टी, तिच्या कुंपणाला लागून असलेलं त्यांचं घर, घरापुढचं नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान, सगळ्याचा रंग एकच होऊन जायचा. संध्याकाळचं छोटं विमान वर दोन घिरट्या घालायचं आणि पट्टी नीट दिसत नाही म्हणून माणसं घेऊन आल्या वाटेने परत जायचं. असं या हंगामात इतक्यांदा झालं की वरच्या ऑफिसने कळवूनच टाकलं. चाचणीचं विमान येईल, दिवे तपासेल. पास झाले तर संध्याकाळची फेरी राहील आणि दिव्यांवर एक कायमचं माणूस नेमलं जाईल. नापास झाले तर फेरी बंद आणि दिवेही बंद.

कायमचं माणूस म्हणजे आपण, हे दिवेवालीने तो निरोप ऐकता ऐकताच ठरवून टाकलं होतं. आणि का ठरवू नये? पट्टीच्या कडेचा एकेक दिवा तिच्या हाताखालून गेलेला. काचा पुसायच्या, जळके बल्ब काढायचे, भोवतीचं गवत कापायचं, उंदरांनी वायर खाल्ली की शोधून काढायची. कागदावर मात्र ती रोजंदारीची सफाईवाली होती. ठेकेदाराच्या मनात आलं तर उद्या तिच्या जागी दुसरी. गावाने तिला दिवेवाली म्हणायला सुरुवात केली ती थट्टेत, पण तिला ते नाव मनापासून आवडायचं.

त्या सगळ्या दिव्यांत तिचा जीव होता तो चार पेट्यांवर. पट्टीच्या डाव्या अंगाला, सुरुवातीपासून थोड्या अंतरावर, चार बुटक्या पेट्या ओळीने उभ्या होत्या. त्या वैमानिकाला सांगायच्या की बाबा रे, तू बरोबर उतारावर आहेस की नाहीस. बरोबर असला तर त्याला दोन दिवे पांढरे आणि दोन लाल दिसायचे. फार खाली आला तर चारही लाल, फार वर राहिला तर चारही पांढरे. दिवेवाली हे कोणालाही, न विचारता, सांगायची.

आता झालं असं, की गवत कापायला आलेल्या ट्रॅक्टरने मागे येताना दोन पेट्या आडव्या पाडल्या. ट्रॅक्टरवाल्याला त्या दिसल्याच नाहीत म्हणे. ठेकेदाराने आरडाओरडा केला आणि चारही पेट्यांसाठी नवे पाय मागवले. खोकं आलं. आत वीत-वीत लांबीच्या हलक्या धातूच्या नळ्या, पेटीला तीन याप्रमाणे बारा, वर दोन जादा. बसवायचं काम साहजिकच वेल्डरकडे आलं. त्याने पहिलीच नळी हातात फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"हा काय माल आहे का?" तो म्हणाला. "हे बघ, मानेपाशी खाच. गोल फिरलीय. अर्धी जाडी खाऊन टाकलीय."

दिवेवालीने दुसरी काढली, तिसरी काढली. "सगळ्यांनाच आहे हो."

"म्हणजे सगळा माल बाद. अशाला पाय म्हणतात? लहान पोरानं लाथ मारली तरी मोडेल."

तिने ठेकेदाराला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा उचलेना. आणि खरं सांगायचं तर तिलाही घाई झाली होती. ट्रॅक्टर परत येणारच होता, पेटी परत पडणारच होती, आणि ती चाचणीच्या दिवशीच पडली तर? "मग तुम्ही काहीतरी मजबूत करून द्या ना," असं तीच बोलून गेली.

एवढं ऐकायचा अवकाश, बाजेवर पडलेला म्हातारा उठून बसला. तो वेल्डरचा बाप, जुना लोहार. आयुष्यभर बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव चढवत आलेला माणूस. गाड्या गेल्या, चाकं गेली, म्हाताऱ्याची ऐट काही गेली नाही.

"वेल्डिंग नको," त्याने हुकूम सोडला. "हलका धातू, वितळून जाईल. कडं चढवा. लाल तापवायचं, पटकन घालायचं, पाणी मारायचं. गार झालं की असं आवळतं की बापजन्मी सुटायचं नाही."

त्या दिवशी बऱ्याच काळाने दुकानातला भाता चालला. म्हातारा सांडशी धरून उभा, वेल्डर घण मारतोय, दिवेवाली पाण्याचा डबा घेऊन तयार. कडं लाल होऊन निघायचं, नळीच्या खाचेवर बसायचं, पाणी पडलं की चर्र करून आवळायचं. बारा पाय, बारा कडी. कानस मारून कडा गुळगुळीत केल्या, वर रंग दिला. पेट्या उभ्या राहिल्या तेव्हा वेल्डरने एकीला खांद्याने रेटून बघितलं. हलली नाही.

"आता हत्ती आणा म्हणावं त्या ट्रॅक्टरवाल्याला," तो म्हणाला, आणि तिघंही बराच वेळ हसत राहिली.

चाचणीच्या दिवशी दुपारी ऑफिसची जीप आली. आतून एक इंजिनिअरबाई उतरली, शिंकत. धुळीने तिचे डोळे लाल झाले होते, पण चालणं असं की दिवेवालीला मागे पळावं लागलं. पट्टीच्या कडेचे दिवे तिने लावून बघितले, काचा बोटाने पुसून बघितल्या. बोट स्वच्छ निघालं. "कोण ठेवतं हे?" तिने विचारलं.

"मी," दिवेवाली म्हणाली.

"चांगलं ठेवलंय."

मग दोघी चार पेट्यांपाशी आल्या. वेल्डर आणि म्हातारा मुद्दामच तिथे येऊन उभे होते, कौतुक अंगावर घ्यायला. बाई गुडघ्यावर बसली. पायाच्या मानेवर नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या पायावर फिरवलं. तिचा चेहरा बदलत गेला.

"खाच कुठे आहे?"

"बुजवली," वेल्डर अभिमानाने म्हणाला. "कडं चढवलंय. माल खराब होता. पण काळजी नको, आता जन्मात मोडणार नाही."

"जन्मात मोडणार नाही?" बाई उभी राहिली. "अहो, मोडायलाच केलेत ते!"

कोणालाच काही कळेना. बाईने पट्टीकडे हात केला.

"विमान कधी कधी घसरतं. पट्टी सोडून इकडे येतं. आलं तर या पेटीला धडकणार. तेव्हा पेटी मोडून बाजूला पडली पाहिजे. पेटी मोडली नाही तर विमान मोडेल, आत माणसं आहेत. म्हणून ती खाच. तेवढ्याच जागी, तेवढ्याच धक्क्याने तुटावी म्हणून मोजून पाडलेली असते. तुम्ही इथे खुंटे ठोकून ठेवलेत."

वेल्डरच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं आयुष्य त्याने टिकेल ते चांगलं असं धरून काढलं होतं, आणि ही बाई भलतंच काही सांगत होती. वाईट म्हणजे ती बरोबर सांगत होती हे त्याला लगेच पटलं. म्हाताऱ्याला पटलं नाही. तो पुटपुटला, "मोडायला केलेली वस्तू मी आजवर पाहिली नाही."

"विमान?" दिवेवालीने विचारलं.

"निघालंय. ऊन उतरताना पोचेल. मी कळवते परत जा म्हणून. पुढच्या हंगामात बघू."

पुढच्या हंगामात! फेरी बंद झाल्यावर कसला पुढचा हंगाम? दिवेवाली बाईच्या आणि जीपच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "बाई, थांबा. खाच वरून झाकलीय, भरलेली नाही. कड्याच्या आत ती तशीच आहे. कडं काढलं तर?"

"गरम करून काढू," वेल्डर म्हणाला.

"पुन्हा तापवायचं नाही!" बाई कडाडली. मग तिने घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं, आणि दिवेवालीकडे पाहिलं. "कापून काढा. आतल्या नळीला ओरखडा दिसला तर तो पाय बाद. जादा किती आहेत?"

"दोन."

"मग लागा."

आणि लागले की हो! जीपच्या सावलीत गोणपाट पसरलं. पेट्या उतरवल्या, पाय फिरवून मोकळे केले. वेल्डरने हॅक्सॉ घेतला. नळी लोखंडी पकडीत आवळायची नाही, दबेल. म्हणून दिवेवालीने ती फडक्यात गुंडाळून दोन्ही गुडघ्यांत धरली. पातं कड्यावर चालू लागलं. लोखंडाचा चुरा तिच्या मांडीवर पडत होता, वारा तो उचलून डोळ्यांत घालत होता. कडं जवळजवळ कापलं गेलं, पापुद्रा राहिला. वेल्डरने चिरेत पेचकस घातला आणि पिळला. कडं उघडलं खरं, पण त्याबरोबर नळीही मानेपाशी तुटून दोन तुकडे झाले.

वेल्डर हातातल्या तुकड्याकडे बघतच राहिला. "मी तर काहीच जोर लावला नाही," तो म्हणाला.

"तुमचं काहीच नाही म्हणजे माझा सगळा जोर," दिवेवालीने पेचकस हिसकावून घेतला. "तुम्ही कापा. पिळायचं मी."

म्हातारा कडेला उभा राहून बघत होता. दुसऱ्या पायाला तो खाली बसला. त्याने नळी सुनेच्या गुडघ्यांतून काढून आपल्या गुडघ्यांत घेतली आणि तिचे हात मोकळे केले. हे एक बरं केलं. आता मुलगा कापतोय, बाप धरतोय, सून कड्याला बोट लावून बसलीय. पातं लोखंडातून पलीकडे निघायच्या बेतात आलं की थरथर बदलायची, ते तिला बोटाला कळायचं.

"बस!"

"अजून राहिलंय."

"बस म्हणते ना! पुढे गेलात तर नळीला लागेल."

तो थांबायचा. ती पेचकस घालायची, इकडे थोडं, तिकडे थोडं, दुधाचा दात हलवावा तसं कडं सैल करायची, आणि टक करून ते गोणपाटावर पडायचं. आत खाच जशीच्या तशी, चकचकीत. बाई भिंग लावून बघायची आणि म्हणायची, "चालेल." तो एक शब्द ऐकायला तिघंही माना वर करायची.

घाम डोळ्यांत जात होता. वेल्डरची पाती एकामागून एक बोथट होत होती. एक मोडलं तेव्हा त्याने दिलेली शिवी बाईने ऐकून न ऐकल्यासारखी केली. म्हाताऱ्याचे गुडघे दुखायला लागले, पण तसं म्हणेल तो म्हातारा कसला! उलट प्रत्येक कडं निघालं की तो म्हणायचा, "बघा, किती घट्ट बसवलं होतं मी." शेवटी इंजिनिअरबाईलाही हसू आलं. ती स्वतः गोणपाटावर येऊन बसली आणि निघालेल्या पायांवरची धूळ पुसू लागली.

शेवटचं कडं निघालं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. दिवेवाली उठायला गेली तर पाय बधिर. ती पडली, हसली, पुन्हा उठली. पेट्या उभ्या केल्या. बाईने एकेका पेटीवर आपलं माप ठेवलं, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे केला. हातातला वायरलेस खरखरला आणि त्यातून वैमानिकाचा आवाज आला. विमान जवळ आलं होतं.

"दिवे," बाई म्हणाली.

दिवेवाली बटणाच्या खोलीकडे अशी धावली की तिची एक चप्पल पट्टीच्या कडेलाच राहिली. खटका दाबला. धुळकट आकाशाखाली पट्टीच्या दोन्ही कडा एकदम उजळल्या आणि डाव्या अंगाला तिच्या चार पेट्या पेटल्या. रोज बघायची ती हे, पण आज तिला रडूच आलं. डोळे पुसत ती परत धावली.

विमान आधी उंचावरून आलं. "चारही पांढरे," वायरलेस म्हणाला. बाईने खूण केली. मग ते लांब वळण घेऊन अगदी खालून आलं, पलीकडच्या झाडांवर जेमतेम हातभर. "चारही लाल." म्हाताऱ्याने वायरलेसकडे वाकून विचारलं, "लाल म्हणजे चांगलं की वाईट?" तिसऱ्यांदा विमान बरोबर उतारावरून आलं.

"दोन पांढरे, दोन लाल... तिसरा फिकट आहे. नीट कळत नाही."

"काच!" दिवेवाली ओरडली. "पाय काढता-घालताना धूळ बसली असणार. बाई, जाऊ?"

बाईने वायरलेसवर विचारलं, विमान वळणावर लांब आहे याची खात्री केली. "जा. मी हाक मारली की लगेच मागे."

ती एका चपलेने पळाली. खरंच, तिसऱ्या पेटीच्या काचेवर जाडसर थर होता, आणि त्यात तिच्याच हाताचा ठसा. तिने बाहीने थर झाडला, फडक्याने पुसलं, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसलं. मागून हाक आली. ती मागे आली आणि श्वास रोखून उभी राहिली. विमान पुन्हा उतारावर आलं, त्याचा आवाज पोटात घुमायला लागला.

"दोन पांढरे, दोन लाल. एकदम स्वच्छ. उतरतोय."

चाकं पट्टीला टेकली, धुळीचा लोट उठला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत वेल्डरने इंजिनिअरबाईचा हात धरून जोरजोरात हलवला. दिवेवाली उड्या मारत होती. पण बाईने हात सोडवून घेतला आणि मान हलवली.

"दिवे पास. पायांचं अजून मी काही म्हटलेलं नाही."

सगळा आनंद जागच्या जागी थिजला.

"कडी तापवून चढवली होती ना?" बाई म्हणाली. "हलका धातू तापला की कधी कधी नरम पडतो. मग धक्का बसला तर तुटत नाही, वाकतो. वाकणारे पाय मला चालत नाहीत. एक तोडून बघावा लागेल. तुटला तर सगळे ठेवते. वाकला तर सगळे बाद, आणि दिवे बंद."

तिने कडेच्या पेटीचा एक पाय स्वतः निवडला. बाजूला जमिनीत पाय बसवायची एक रिकामी बैठक होती, तिच्यावर तो घट्ट बसवला, वर पेटीच्या उंचीची नळी लावली आणि जीपमधून लाकडी हातोडी आणली. वेल्डरने हात पुढे केला.

"तुम्ही नको," बाई म्हणाली. "तुम्ही मारलीत तर तो बैठकीसकट उपटून येईल. बाबा, तुम्ही मारा."

म्हाताऱ्याने हातोडी घेतली, मग त्याच्या ध्यानात आलं. "मी का? माझ्या हातात जोर राहिला नाही म्हणून?"

"हो, म्हणूनच."

असा अपमान त्याचा आजवर कोणी केला नव्हता. त्याने दोन्ही तळव्यांवर थुंकी लावली, पाय रोवले. दिवेवालीने डोळे मिटले, पण लगेच उघडले. न बघणं जास्त कठीण होतं. तूट, ती मनात म्हणत होती, तूट रे, माझ्या राजा, तूट. शेजारी नवऱ्याचे ओठही हलत होते. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या हातच्या कामाला तूट म्हणत होता.

पहिला घाव घसरला. नळी थरथरून तशीच उभी राहिली.

"नीट बसला नाही," बाई म्हणाली. "पुन्हा."

म्हाताऱ्याने हातोडी उचलली आणि मारली. टक्क! नळी मानेपासून सुटली, गवतात दोन कोलांट्या घेऊन पडली. खाली बैठकीत राहिला तो तुकडा बाईने वाकून पाहिला. त्यावर बोट फिरवलं. कुठे वाक नाही, कुठे पीळ नाही, खाचेवर सरळ तुटलेला.

"पास," ती म्हणाली.

"तुटला!" दिवेवाली एवढ्याने ओरडली की विमानातून उतरणारा वैमानिक वळून बघायला लागला. "अहो, तुटला! बाबा, तुटला!" तिने सासऱ्याला मिठीच मारली. असं तिने कधी केलं नव्हतं. म्हातारा भांबावला, पण मुठीतली हातोडी त्याने सोडली नाही.

"तुटणारच होता," तो बाईकडे बघत म्हणाला. "घाव कोणाचा होता?"

बाईने ते मान्य करून टाकलं. मग ती दिवेवालीकडे वळली. "कायमच्या जागेसाठी मी तुमचंच सांगणार आहे. पण एक लक्षात ठेवा, काही चुकीचं वाटलं तर फोन उचलेपर्यंत लावत राहायचा. ठेकेदाराने नाही उचलला तर मला."

"हो," दिवेवाली म्हणाली. हसू आणि रडू एकदम येत होतं आणि त्यातलं काय आधी आवरावं हे तिला कळत नव्हतं.

कडेची पेटी अजून दोनच पायांवर उभी होती. वेल्डरने खोक्यातून शेवटचा जादा पाय काढला, फडक्याने पुसला, पेटीखाली बसवला आणि पाना लावला. मग तो थांबला. आजवर त्याने कोणतीही वस्तू आपल्या मनगटाला थकवा येईपर्यंत आवळली होती आणि कधी कोणाला काही विचारलं नव्हतं. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"किती आवळू?"

"हाताने जाईल तेवढं," ती म्हणाली, "मग पान्याने पाव फेरा."

त्याने पाव फेरा दिला आणि पाना खाली ठेवला.